पट्टीवरची रेघ काय सांगते आणि काय सांगत नाही

गेल्या वर्षी भातकापणीच्या तोंडावर जव्हार-मोखाडा भागातल्या एका पाड्यावरून सासू आणि सून आमच्या केंद्रावर चालत आल्या. दोन तासांची वाट. सून बावीस-तेवीस वर्षांची, लग्नाला चार वर्षे झालेली. ती ओसरीच्या कडेला बसली आणि तिने शेवटपर्यंत मान वर केली नाही. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली गर्भचाचणीची पट्टी माझ्या हातात दिली.

"बघा ताई, एकच रेघ आली. हिच्यात काही धरतच नाही, हे आता पट्टीनं पण सांगितलं. भट्टीवर जायच्या आधी पोराला दुसरी बघतो."

मेडिकलच्या दुकानातून आणलेली साधी पट्टी होती ती. तिने इतकेच सांगितले होते की, ज्या दिवशी चाचणी केली त्या दिवशी त्या लघवीत गर्भधारणेचे संप्रेरक सापडले नाही. सासूबाईंनी मात्र त्या एका रेघेत सुनेच्या सगळ्या आयुष्याचा निकाल वाचला होता.

त्या दिवशी मी त्या दोघींना जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने या लेखात मांडत आहे. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण थिऑलॉजीच्या डिप्लोमापर्यंतचे. या विषयातले जे काही कळते ते पाड्यापाड्यांवरच्या कामातून, आमच्या परिचारिका भगिनींकडून आणि वाचनातून आलेले आहे. आपल्या पत्रिकेच्या वाचकांत आरोग्यसेविका, वसतिगृहांच्या अधीक्षिका आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या पुष्कळ आहेत. अशा पट्ट्या त्यांच्या हातून नेहमी जातात, म्हणून हे लिहावेसे वाटले.

लघवीत हे येते कुठून?

संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागाने रक्तावाटे दुसऱ्या भागाला पाठवलेला निरोप. बाईच्या पाळीचे सारे काम अशा चार मुख्य निरोपांवर चालते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पाळी आली की ती एफएसएच नावाचा निरोप धाडते, आणि बीजकोशातले एक बीज वाढू लागते. वाढत्या बीजाभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात, त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की तीच ग्रंथी एलएच हा दुसरा निरोप एकदम मोठ्या प्रमाणात सोडते. त्यानंतर साधारण एक ते दीड दिवसात बीज बाहेर पडते. बीज गेल्यावर मागे उरलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन बनवू लागतात, आणि ते अस्तर टिकवून धरते. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तर सुटते आणि पाळी येते.

गर्भ राहिला तर तो गर्भाशयाच्या भिंतीत रुजताना एचसीजी नावाचे पाचवे संप्रेरक पाठवतो. त्याचा अर्थ एवढाच, की मी आलो आहे, पाळी येऊ देऊ नका. गर्भचाचणीची पट्टी शोधते ते हेच.

निरोप पोहोचला की शरीर तो साठवून ठेवत नाही. यकृत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रूप बदलून ती पाण्यात विरघळतील अशी करते आणि मूत्रपिंडे त्यांना बाहेर टाकतात. एलएच आणि एचसीजी ही प्रथिने आहेत. त्यांचा काही भाग तसाच, काही तुकड्यांच्या रूपात लघवीत उतरतो. चुलीतली राख पाहून रात्री किती लाकूड जळले याचा अंदाज घरच्या बाईला येतो. लघवीची तपासणी तशीच आहे. रक्तात आत्ता काय चालले आहे ते ती थेट दाखवत नाही, गेल्या काही तासांत काय होऊन गेले त्याचा हिशेब दाखवते.

गहू, उंदीर, बेडूक आणि पट्टी

लघवीवरून गर्भ ओळखण्याची धडपड फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये बाईची लघवी गव्हाच्या आणि जवाच्या दाण्यांवर घालत. दाणे उगवले तर ती गरोदर, आणि कोणते धान्य आधी उगवले त्यावरून मुलगा की मुलगी. १९६३ मध्ये इजिप्तच्याच संशोधकांनी हे करून पाहिले. गरोदर बायकांच्या लघवीने सुमारे ७० टक्के वेळा दाणे उगवले. मुलगा-मुलगी ओळखण्याची गोष्ट मात्र साफ खोटी निघाली.

शास्त्रशुद्ध चाचणी आली ती १९२७-२८ च्या सुमारास, बर्लिनमध्ये. सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोन डॉक्टरांनी बाईची लघवी वयात न आलेल्या उंदरीच्या अंगात टोचली. काही दिवसांनी तिला मारून तिचे बीजकोश पाहायचे. ते फुगलेले, रक्ताळलेले दिसले तर बाई गरोदर. हे दोघेही ज्यू होते आणि नाझी सत्ता आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. पुढे १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकीचा उपयोग सुरू झाला. लघवीचे इंजेक्शन दिले की ती दिवसभरात अंडी घालायची. तिला मारावे लागत नसे, म्हणून रुग्णालये बेडक्या पाळत.

त्याच काळात रसायनशास्त्रज्ञ लघवीतून संप्रेरके वेगळी काढण्याच्या मागे होते. १९२९ मध्ये जर्मनीत आडोल्फ बुटेनांड्ट आणि अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी गरोदर स्त्रियांच्या लघवीतून एक इस्ट्रोजेन शुद्ध स्वरूपात मिळवले. १९५५ मध्ये जेम्स ब्राउन या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाने लघवीतली तीन प्रकारची इस्ट्रोजेन वेगवेगळी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९६० मध्ये स्वीडनमध्ये वीडे आणि गेम्झेल यांनी प्राण्याऐवजी काचेच्या नळीत, मेंढीच्या रक्तपेशी वापरून गर्भचाचणी करून दाखवली. घरी करायची चाचणी अमेरिकेत १९७० च्या दशकात बाजारात आली आणि आज आपण वापरतो तशी पट्टी १९८८ च्या सुमारास.

या इतिहासातली एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगायलाच हवी. पाळी थांबल्यावर बीजकोश उत्तर देत नाहीत, म्हणून मेंदूतली ग्रंथी आणखी जोराने निरोप धाडत राहते. त्यामुळे वयस्कर स्त्रीच्या लघवीत एफएसएच आणि एलएच भरपूर असतात. इटलीत एका औषध कंपनीने मठांमधल्या वृद्ध भगिनींकडून लघवी गोळा करून त्यातून ही संप्रेरके काढली. पिएरो डोनिनी यांनी ती शुद्ध केली आणि ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी बीज न सुटणाऱ्या स्त्रियांवर त्यांचा उपचार केला. या उपचाराने १९६२ मध्ये इस्राएलमध्ये पहिले बाळ जन्मले. ज्यांनी स्वतः लग्न केले नाही त्यांच्या शरीराने टाकून दिलेल्या वस्तूने दुसऱ्या कुणाची कूस उजवली.

पट्टीच्या आत काय घडते?

शरीराबाहेरचे काही आत शिरले की रक्तात त्याला नेमके पकडणारी प्रथिने तयार होतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. एक प्रतिपिंड एकच वस्तू ओळखतो. पट्टीच्या एका टोकाला रंगाचे बारीक कण चिकटवलेले प्रतिपिंड सुके करून ठेवलेले असतात. लघवी पडली की ते भिजून पुढे वाहू लागतात. वाटेत एचसीजी भेटले तर त्याला पकडतात. पुढे चाचणीच्या जागी दुसऱ्या प्रतिपिंडांची ओळ स्थिर बसवलेली असते. ती एचसीजीला दुसऱ्या बाजूने धरते. असे पुष्कळ कण एका ओळीत अडकले की रेघ उमटते.

दुसरी रेघ नियंत्रणाची असते. लघवी तिथपर्यंत वाहिली आणि पट्टी शाबूत आहे, एवढेच ती सांगते. ही रेघ आलीच नाही तर चाचणी फुकट गेली. तिला "नाही" म्हणायचे नाही, नवी पट्टी घ्यायची.

बहुतेक पट्ट्या एका मिलिलिटर लघवीत २५ मिली-आंतरराष्ट्रीय एकके एवढे एचसीजी असेल तर रेघ दाखवतात. बीज सुटल्यानंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी गर्भ रुजतो, तेव्हा एचसीजी नुसते सुरू झालेले असते. पुढे ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होते. म्हणून पाळी चुकण्याआधी केलेल्या चाचणीत एक रेघ आली तर तिच्यावर विसंबू नये. आठवड्याने पुन्हा पाहावे.

"आहे का?" आणि "किती आहे?"

पट्टी फक्त "आहे का?" या प्रश्नाचे उत्तर देते. किती आहे ते मोजायचे तर प्रयोगशाळा लागते. तिथे ९६ छोट्या वाट्यांची एक प्लास्टिकची थाळी वापरतात. वाट्यांच्या तळाला प्रतिपिंड चिकटवलेले असतात. त्यांत लघवीचे नमुने घालतात, आणि काही वाट्यांत प्रमाण आधीच माहीत असलेले द्रावण घालतात. शेवटी रंग येतो. यंत्र प्रत्येक वाटीचा रंग मोजते आणि माहीत असलेल्या वाट्यांशी ताडून नमुन्यातले प्रमाण काढते.

इथे एक अडचण येते. उन्हात दिवसभर राबलेल्या बाईची लघवी घट्ट असते, आणि तांब्याभर पाणी प्यायलेल्या बाईची पातळ. दोघींच्या शरीरात संप्रेरक तेवढेच असले तरी आकडे वेगळे येतात. म्हणून प्रयोगशाळा त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजते. हा स्नायूंतून रोज बहुतेक सारख्या प्रमाणात बाहेर पडणारा पदार्थ आहे. संप्रेरकाचा आकडा क्रिएटिनिनच्या तुलनेत मांडला की पाणी किती प्यायले याचा फरक बराचसा निघून जातो. सकाळची पहिली लघवी घ्या असे आपण सांगतो त्यामागेही हेच कारण आहे. रात्रभर साठल्याने ती घट्ट असते.

आता काही ठिकाणी बीज सुटण्याचे दिवस ओळखणाऱ्या एलएचच्या पट्ट्या आणि प्रोजेस्टेरॉनचे लघवीतले रूप शोधणाऱ्या पट्ट्याही मिळतात. त्यांच्याबाबत सावध राहावे, कारण त्यांच्या रेघा वाचण्याची रीत निराळी आहे. एलएचच्या पट्टीवर चाचणीची रेघ नियंत्रणाच्या रेघेइतकी गडद झाली तरच ती "हो" असते, कारण थोडे एलएच रोजच असते. प्रोजेस्टेरॉनच्या पट्टीवर तर संप्रेरक वाढले की चाचणीची रेघ नाहीशी होते. एकाच खोक्यातल्या दोन पट्ट्यांवर दोन रेघांचा अर्थ उलटसुलट असू शकतो. ज्या पट्टीची माहितीपत्रिका वाचली नाही तिचा निकाल सांगू नये.

लघवीची खरी ताकद दिसते ती रोज मोजल्यावर. रोज रक्त कोण देईल? लघवी मात्र सुईशिवाय, घरच्या घरी, महिनोन्‌महिने जमवता येते. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांकडून रोज सकाळची लघवी गोळा केली. १९८८ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते वाचून मी थांबलेच. एचसीजीवरून ओळखू आलेल्या १९८ गर्भधारणांपैकी २२ टक्के इतक्या लवकर संपल्या की नेहमीच्या पद्धतीने त्या कुणाच्या लक्षातच आल्या नसत्या. पुढचे गर्भपात धरले तर एकूण ३१ टक्के. म्हणजे चार-सहा दिवस उशिरा आलेली, जरा जास्त गेलेली पाळी ही कधी कधी खरोखर राहून गेलेला गर्भ असते. आपल्या पाड्यांवर अशा बाईला "तुझी कूस टाकते" असे ऐकवले जाते. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या स्त्रियांतही हे इतक्या वेळा घडते, त्यात तिचा दोष काय?

त्याच नमुन्यांतून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची रूपे मोजून त्यांनी बीज सुटल्याचा दिवस ठरवला आणि १९९५ मध्ये दुसरी गोष्ट दाखवली. गर्भ राहतो तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहाच दिवसांतल्या संबंधांतून. त्यानंतर नाही. आमच्या भागातले कितीतरी तरुण बोईसर-वसईकडे कामाला असतात आणि महिन्यातून दोन-चार दिवस घरी येतात. ते दिवस त्या सहा दिवसांत पडलेच नाहीत, तर दोघेही निरोगी असून वर्षभर पाळणा हलणार नाही. याला वांझपण म्हणत नाहीत.

पोट रिकामे असले की

नेपाळच्या डोंगरात राहणाऱ्या तामांग स्त्रियांचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लघवीऐवजी लाळेतले प्रोजेस्टेरॉन मोजले होते, पण मुद्दा तोच. पावसाळ्यात शेतीचे काम वाढते आणि वजन उतरते. ज्या बायकांचे वजन उतरले त्यांचे प्रोजेस्टेरॉन कमी झाले आणि बीज सुटण्याचे प्रमाणही घटले. शरीर जणू म्हणते, स्वतःलाच पुरत नाही तर दुसऱ्याला कुठून देऊ?

आमच्या बायका पावसाळाभर चिखलात लावणी करतात, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि होळीच्या पुढे परततात. कितीजणींच्या अंगात रक्त नसते. तिथे पाळी मागेपुढे होणे हे आधी भुकेचे आणि कष्टाचे लक्षण समजावे. तिच्या ताटात काय पडते ते पट्टीआधी पाहावे.

पट्टी काय सांगत नाही

दोन रेघा आल्या म्हणजे गर्भ आहे, पण तो कुठे आहे हे पट्टी सांगत नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला तरी दोन रेघा येतात. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन बाई काही तासांत दगावू शकते. म्हणून दोन रेघा आणि सोबत ओटीपोटात एका बाजूला दुखणे, अंगावर रक्त जाणे, भोवळ येणे किंवा खांद्याच्या टोकाला कळ येणे यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

गर्भपातानंतर एचसीजी उतरायला काही आठवडे लागू शकतात. तोवर दोन रेघा येत राहतात. द्राक्षगर्भातही येतात. ज्या बाईला मूल राहण्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन दिले आहे तिलाही काही दिवस येऊ शकतात. नेहमीच्या तापाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी मात्र खोट्या रेघा येत नाहीत.

गर्भ मुलाचा की मुलीचा, हे यातली कोणतीही पट्टी सांगत नाही. कुणी सांगत असेल तर तो पैसे उकळतो आहे.

आणि एक रेघ म्हणजे वांझपण नव्हे. वर्षभर एकत्र राहूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी करायची असते, आणि त्यात पुरुषाची वीर्यतपासणी सर्वांत सोपी असते. बाईच्या रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड आणि सोनोग्राफी हे डॉक्टर ठरवतील. आपल्या देशात गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग हेही एक कारण असते. खोकला नसला तरी तो असू शकतो, आणि त्याला औषध आहे.

उत्तर कुणाचे?

२०२३ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशातल्या दिंडोरी या आदिवासीबहुल जिल्ह्यात गाडासरई इथे सरकारी सामूहिक विवाह होता. त्याआधी नवऱ्या मुलींची गर्भचाचणी झाली आणि काहींची नावे यादीतून गळली. देशभर त्याची चर्चा झाली. रागावणे सोपे होते. मलाही राग आला, पण मग माझी स्वतःची एक गोष्ट आठवली.

सात-आठ वर्षांपूर्वी एक तरुण बाई पाळी चुकली म्हणून केंद्रावर आली होती. ओसरीवर पाच-सहा जणी बसल्या होत्या. दोन रेघा दिसताच मी आनंदाने मोठ्याने म्हणाले, "अगं, गोड बातमी आहे!" तिचा नवरा पाच महिने बाहेरगावी होता, हे मला ठाऊक नव्हते. ओसरीवरच्या बायकांना ते ठाऊक होते. ती घरी पोहोचण्याआधी बातमी पाड्यावर पोहोचली. पुढे तिला माहेरी जावे लागले. तिच्यावर काय प्रसंग आला होता हे मी विचारलेसुद्धा नव्हते. पुष्कळ दिवसांनी तिला भेटून मी क्षमा मागितली. तिने केली. पण माझे शब्द परत घेता आले नाहीत.

हन्नाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. मंदिरात नुसते ओठ हलवणाऱ्या तिला पाहून एली याजकाने ती प्यायली आहे असे ठरवले. त्याने डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते, अर्थ त्याने स्वतःचा लावला. पट्टी हातात असलेल्या आपल्यासारख्यांना हा धोका रोजचा आहे.

केंद्रात आता कोपऱ्यात जुनी चादर बांधून आडोसा केला आहे. बाई स्वतः थेंब टाकते आणि स्वतः पाहते. आम्ही आधी विचारतो, "उत्तर काय यावे असे तुला वाटते?" त्या एका प्रश्नाने पुष्कळ काही कळते.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवायचे

- आशाताईंकडे मिळणारा "निश्चय" संच मोफत आहे. दुकानातून घ्यायची गरज नाही.
- वेष्टनावरची मुदत पाहावी. संच उन्हात, चुलीजवळ किंवा दमट जागी ठेवू नये. पाकीट चाचणीच्या वेळीच फोडावे.
- सकाळची पहिली लघवी कोरड्या, स्वच्छ भांड्यात घ्यावी. "निश्चय"मध्ये दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पाहावे. तासाभराने उमटलेली फिकी रेघ धरू नये.
- एक रेघ आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने पुन्हा चाचणी करावी. तोवर एक्स-रे किंवा मनाने कोणतेही औषध घेऊ नये.
- दोन रेघा आल्या आणि बाईला गर्भ ठेवायचा असेल, तर १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करून रक्त आणि सिकलसेल तपासून घ्यावे. भट्टीवर जाणार असेल तर कार्ड आणि गोळ्या सोबत द्याव्यात.
- तिला गर्भ नको असेल तर भगताकडे किंवा दुकानात न जाता तिने सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलावे. उपदेश करण्यात वेळ घालवू नये.
- तिच्या परवानगीशिवाय निकाल सासूला, नवऱ्याला, पाळकांना किंवा आपल्या प्रार्थनासभेतही सांगू नये. प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा नाही.
- वसतिगृहातल्या मुलींची सरसकट, सक्तीने चाचणी करू नये. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर आढळली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. तिथे लपवालपवी करू नये, आणि तिला एकटीही सोडू नये.

त्या दिवशी ओसरीवर मी सासूबाईंना राखेचाच दाखला दिला होता. "मावशी, आज चुलीत राख नाही म्हणजे आज चूल पेटली नाही. चूलच मोडकी आहे असं होतं का?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लाकडं ओली असली तरी पेटत नाही." मी म्हटले, "तेच. म्हणून लाकडंही बघू या." सुनेने तोंडाला पदर लावला. ती हसली असावी.

मुलगा आधी तयार झाला नाही. दिवाळीनंतर भट्टीवर निघून गेला. शिमग्याला आला तेव्हा सासूबाईच त्याला ओढून सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. त्याच्या तपासणीत शुक्राणू कमी निघाले, तिच्या रक्ताचा आकडा सात. दोघांचे उपचार चालू आहेत. दिवस राहतील की नाही हे कुणी सांगितलेले नाही आणि मीही सांगत नाही. दुसरी बघण्याचा विषय मात्र त्या घरात निघत नाही.

परवा बाजारात सासूबाई भेटल्या. हातातली पिशवी खाली न ठेवताच त्यांनी विचारले, "ताई, पोराच्या गोळ्या संपत आल्या. परत कधी न्यायचं?"